हौसेची गाडी, बसलेली बॅटरी : वाचकांचे प्रश्न

हौसेची गाडी रोज चालत नाही. आठवड्याला एक फेरी, कधी महिन्याला एक, एरवी कव्हरखाली. मग एके सकाळी सेल्फ मारावा तर गाडी हूं की चूं करत नाही, आणि लगेच मला प्रश्न येतो. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न बॅटरीचे आहेत आणि निम्म्यांतले गैरसमजही तेच ते आहेत, म्हणून एकत्र घेतो. इथलं उत्तर सर्वसाधारण समजा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

प्रश्न : किल्ली फिरवली की नुसतं टकटक टकटक वाजतं. बॅटरी गेली म्हणायची का?

बसली आहे. गेली आहे की नाही, ते पूर्ण चार्ज केल्यावरच कळेल.

भराभर टकटक होते तेव्हा सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) ओढण्याइतका दम बॅटरीत असतो, पण सेल्फच्या मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतं आणि पुन्हा ओढलं जातं. एकच जाड ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं आणि हेडलाइट मात्र लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर, त्याच्या जाड वायरवर किंवा इंजिनच्या अर्थिंग पट्टीवर (इंजिन आणि बॉडी जोडणारी वायर) घ्यावा. दोन्ही वेळी आधी बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर स्वच्छ करून आवळा. सैल टर्मिनलपायी चांगल्या बॅटऱ्या बदललेल्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यानंतरही ‘टक्’ तसंच राहिलं तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

प्रश्न : मल्टिमीटरवर १२.२ दाखवतंय. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ठीकच आहे ना?

नाही, अर्धी रिकामी आहे.

‘१२ व्होल्ट’ हे नुसतं नाव. आत सहा सेल असतात, भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून भरलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे अंदाजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, आणि ११.८ च्या आसपास संपली. एजीएम प्रकारची (आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं ती बंद) बॅटरी भरलेली असताना थोडं जास्त, १२.८ च्या पुढे दाखवते.

हे आकडे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचे आहेत. इंजिन बंद करून लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि बसत आलेली बॅटरीही तब्येतीने ठणठणीत वाटते. थांबायला वेळ नसेल तर दोनेक मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. मल्टिमीटरमधली स्वतःची बॅटरी उतरली असेल तर स्वस्तातला मीटर आकडा वाढवून सांगतो, तेही बघून घ्या.

प्रश्न : गाडी चालवायला होत नाही, म्हणून रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवतो. बॅटरीला एवढं पुरेल ना?

बंद करा हे. पाच मिनिटांत इंजिन धड गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि बॅटरीच्या पदरात जवळपास काही पडत नाही. जुन्या डायनॅमोच्या (अल्टरनेटर येण्याआधीचं, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गाडीत तर आयडलला, म्हणजे इंजिन जागेवर मंद चालत असताना, चार्जिंग होतच नाही. चार्जिंगचा लाल दिवा तेच सांगत असतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. नाहीतर इंजिनला हात न लावता चार्जर लावा.

प्रश्न : गेले तीन महिने दर रविवारी मित्राच्या गाडीवरून जंपर केबल लावून माझी गाडी चालू करतो, वीस मिनिटं फिरवतो आणि ठेवून देतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पण चालू होतेय, मग बॅटरी एवढ्यात कशाला बदलायची?

बदलायची की नाही ते नंतर पाहू. तीन महिने चार्जिंगला का लावली नाही, एवढं आधी सांगा.

लोकांना वाटतं, बसलेली बॅटरी ही गैरसोय आहे, जंप मारला की मिटली. बॅटरी बसते तेव्हा प्लेटवरचं शिसं आणि शिशाचा ऑक्साइड, दोन्हींचं शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होतं आणि आम्ल पातळ होत जातं. सल्फेट ताजं असतं तेव्हा त्याचे कण बारीक असतात, चार्जिंगचा करंट दिला की ते पुन्हा विरतात. पण बॅटरी तशीच ठेवली की ते कण मोठे आणि कडक होत जातात, मग साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी. हे आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं, उकाडा असेल तर आणखी लवकर. बॅटरी जास्त करून मरते ती बसल्यामुळे नव्हे, बसलेली राहिल्यामुळे. तुमची तीन महिने बसलेलीच आहे.

‘पण मी फिरवतो ना’ असं म्हणाल. हिशोब करा. अँपिअर-तास म्हणजे किती अँपिअर करंट किती तास मिळेल त्याचं माप. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाचव्या हिश्श्यावर आली असेल तर तिला ४८ अँपिअर-तास हवेत, वर चार्जिंगमधली घट वेगळी. अगदी उदारपणे सरासरी ३० अँपिअर करंट आत गेला असं धरलं, तरी वीस मिनिटांत १० अँपिअर-तास होतात. तेही प्रत्यक्षात मिळत नाहीत, कारण बॅटरी भरत जाते तसा ती करंट कमी घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर कित्येक तास लागतात, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं आजचं यंत्र) केवढाही असो. मिळालेल्या त्या थोडक्यातून आठवडाभराची गळती गेली की रविवारी तुम्ही पुन्हा मित्राच्या दारात.

अल्टरनेटरचीही दया करा. बॅटरी भरलेली राखायला तो दिलेला आहे, मेलेलीला उठवायला नव्हे. पार बसलेली बॅटरी जोडली की त्याला पूर्ण ताकद लावावी लागते, आणि त्याचा पंखा इंजिनच्या वेगावर चालतो. म्हणजे जागेवर आयडल करत बसलात तर भार सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) अशानेच भाजतात. बॅटरी वाचवायला गेलेले लोक अल्टरनेटर दुरुस्तीला टाकून येतात, आणि हौसेच्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर काही रस्त्यावर पडलेला नसतो.

त्यात तुम्ही केबल कुठे लावता तेही कळवलेलं नाही, म्हणून लिहितो. दोन्ही गाड्या बंद ठेवा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिन ब्लॉकवर किंवा रंग नसलेल्या जाड लोखंडावर, बॅटरीपासून लांब. काढताना उलट्या क्रमाने. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेटू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. डोळ्यांना चष्मा लावा. हे ‘एवढं काय’ म्हणत टाळणाऱ्यांनी फुटलेल्या बॅटरीचं आम्ल एकदा पाहावं, अर्थात लांबून.

आता करायचं ते असं. आजच, पुढच्या रविवारी नाही, बॅटरी काढून किंवा गाडीतच चांगल्या स्वयंचलित चार्जरला लावा. ४ ते ६ अँपिअरच्या चार्जरला रात्र लागेल, कदाचित दुसरा दिवसही. बॅटरी फारच खाली गेली असेल तर काही चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि चार्जिंग सुरू करत नाहीत. तेव्हा जुगाड करू नका, बॅटरीवाल्याकडे न्या. पूर्ण भरली की रात्रभर मोकळी ठेवून मोजा. १२.४ च्या खाली उतरली तर आशा कमी. झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजायची नळी) लावा. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची घनता १.२६५ ते १.२८० च्या आसपास हवी, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तो सेल गेला. मग लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ती तपासणी, करून घ्या. बदलायचा निर्णय त्या टेस्टच्या कागदावर घ्या, मित्राच्या मतावर नको.

प्रश्न : दोन वर्षांत तिसरी बॅटरी. दहा दिवस गाडी उभी राहिली की बसते. दुकानदार आता म्हणतो, जास्त अँपिअर-तासांची टाका.

गळक्या टाकीवर उपाय म्हणून मोठी टाकी विकणारा माणूस आहे तो. दहाऐवजी पंधरा दिवसांनी बसेल, आणि चौथी बॅटरीही तुम्ही त्याच्याकडूनच घ्याल.

गाडी बंद असताना करंट कोण खातंय ते शोधा. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत निम्मी होत असेल तर सुमारे ९० मिलिअँपिअर सतत जातायत. आधुनिक गाडीला कुलूप, अलार्म, कंप्युटर मिळून ५० पर्यंत चालतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढंच असेल तर त्याहून कितीतरी कमी हवं. ५० मिलिअँपिअरनेसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला तेही जडच. आणि डिकीतला ५ वॉटचा एक दिवा डिकी लावल्यावर विझत नसेल तर दिवसाला १० अँपिअर-तास. चार दिवसांत खेळ खलास. आत मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून डिकी लावा, एका मिनिटात कळेल.

मोजणाऱ्यांसाठी: मीटर निगेटिव्हच्या वायरीत, १० अँपिअरच्या जागेवर. गाडीतले कंप्युटर झोपायला अर्धा तास, कधी जास्त घेतात, तोवर थांबा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. नव्या गाडीत फ्यूज उपटण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांतले मिलिव्होल्ट मोजणं बरं, कारण फ्यूज काढला-घातला की झोपलेला कंप्युटर पुन्हा जागा होतो. संशयितांची यादी हौसेच्या गाड्यांत ठरलेली: अँप्लिफायर, बाहेरून बसवलेला अलार्म, ट्रॅकर, उभ्या गाडीत रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम, इग्निशनऐवजी थेट बॅटरीवर जोडलेला रेडिओ. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला तर त्याचा डायोड गळतोय. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात की नाही हेही बघा, कधीकधी गळती नसते, चार्जिंगच नसतं.

हे जमणारं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला ‘उभ्या गाडीची गळती मोजून द्या’ अशा शब्दांत सांगा. ‘बॅटरी बसते’ एवढंच सांगितलंत तर बॅटरीच बदलून मिळेल.

प्रश्न : आमचे मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढतात. गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, असं म्हणतात.

त्यांना नमस्कार सांगा आणि स्पॅनर काढून घ्या. ही डायनॅमोच्या काळातली सवय. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात कित्येक दहा व्होल्टांनी उसळतं. रेग्युलेटर सावरेपर्यंत रेडिओ, इग्निशन मॉड्यूल, कंप्युटर आणि खुद्द अल्टरनेटरचे डायोड यांतलं काहीही जातं. मल्टिमीटरने हीच परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. आधी काढून झालं असेल आणि त्यानंतर गाडी विचित्र वागत असेल, तर दुसऱ्या माणसाला दाखवा.

प्रश्न : मग बॅटरी गाडीपासून तोडणारा कटऑफ स्विच लावू का?

जुन्या साध्या गाडीला जरूर. इंजिन चालू असताना मात्र तो फिरवू नका, कारण वरच्या उत्तरात आहे. शर्यतीच्या गाड्यांत असतात ते स्विच इंजिनही बंद करतात आणि अल्टरनेटरचीही सोय बघतात, साधा स्विच तसं काही करत नाही. कंप्युटरवाल्या गाडीत रेडिओचा कोड, अलार्म, काचांच्या सेटिंग या भानगडी असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि स्विच बंद केला तरी बॅटरी आतल्या आत उतरतेच, महिन्याला काही टक्के, उष्णतेत जास्त. महिन्या-दीड महिन्याने चार्ज करावीच लागेल.

प्रश्न : बॅटरीत टाकायची पावडर मिळते. सल्फेट काढून बॅटरी ‘नव्यासारखी’ करते म्हणे. कोणी एप्सम सॉल्ट सांगतं, कोणी ॲस्पिरिन.

ॲस्पिरिन डोकेदुखीसाठी ठेवा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मीटरवर घटकाभर आकडा सुधारल्यासारखा दिसतो, म्हणून विकणाऱ्याचं फावतं. झडलेली प्लेट पावडरीने परत चिकटत नाही. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर जातं, तेही शक्यतो चार्ज झाल्यानंतर. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढं. आम्ल वरून ओतू नका. आणि ‘मेंटेनन्स फ्री’चा अर्थ पाणी घालावं लागत नाही एवढाच, चार्जिंग लागत नाही असा नाही. हेही दुकानात कोणी सांगत नाही.

प्रश्न : बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हे खरं का?

आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातली नाही उतरत.

प्रश्न : माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. आधुनिक गाडीवरून जंप मारू शकतो का?

माझं ऐकाल तर मारू नका. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्या १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे त्यांच्या बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेलं. जोडणीचा नियम तोच, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह. पण सवयीने काळी केबल बॉडीला लावलीत तर थेट शॉर्ट. दोन गाड्यांचे बंपर टेकलेले असतील तर केबल नीट लावूनही शॉर्ट. एका चुकीत तुमची गाडी कदाचित वाचेल, मित्राच्या गाडीतले कंप्युटर नाही वाचणार. सुटी बॅटरी किंवा चार्जर वापरा. आधीच्या एखाद्या मालकाने गाडी निगेटिव्ह अर्थची करून घेतलेली असू शकते, म्हणून पुस्तकावर विसंबू नका. बॅटरीवरून बॉडीला कुठली वायर जाते ती डोळ्यांनी बघा, आणि शंका राहिलीच तर जुन्या गाड्या हाताळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बघू द्या.

प्रश्न : ६ व्होल्टची जुनी फोक्सवॅगन बीटल १२ व्होल्टच्या गाडीवरून चालू करतात असं ऐकलं.

ऐकलंत, आता विसरा. ६ व्होल्टचा चार्जर घ्या.

प्रश्न : धक्का मारून चालू केली तर?

गिअर हाताने टाकायचे असतील तरच, आणि बॅटरीत थोडाफार जीव असेल तरच. पार मेलेल्या बॅटरीवर इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणि कंप्युटरच उठत नाही, अल्टरनेटरलाही सुरुवातीला बॅटरीचा करंट लागतो. डायनॅमोच्या जुन्या गाड्या धक्क्यावर सुरू व्हायच्या, ती आठवण लोक नव्या गाड्यांना लावतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला धूर स्वच्छ करणारा डबा) असेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जातं, म्हणून एक-दोन प्रयत्नांत सोडून द्या.

प्रश्न : ट्रॅकसाठीच्या गाडीत वजन वाचवायला लिथियम बॅटरी टाकली. एक दिवस मीटरवर एकदम शून्य व्होल्ट. मेली का?

बहुधा मेली नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत आत संरक्षक सर्किट असतं. ती फार खाली गेली की ते स्वतःच बाहेरचा मार्ग तोडतं, म्हणून शून्य दिसतं. काही बॅटऱ्यांवर परत जोडायचं बटण असतं, काही विशिष्ट चार्जरने जाग्या होतात. नक्की काय करायचं ते बनवणाऱ्याच्या कागदात असतं. जंपर केबल लावून अल्टरनेटरचा लोंढा तिच्यात सोडू नका. साध्या बॅटरीचा चार्जर, विशेषतः सल्फेट काढायचा ‘रिपेअर मोड’ असलेला, हिला वापरू नका. शून्य अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करू नका. आणि १२.८ ला ‘भरली’ समजू नका. ही भरलेली असताना विश्रांतीत १३.३ च्या आसपास असते आणि बराच काळ तिथेच रेंगाळते, त्यामुळे मीटरवरून अंदाज लागत नाही. वजन वाचलं हे खरं, पण तिची काळजी वेगळी घ्यावी लागते आणि विकताना ते कोणी सांगत नाही. विकणाऱ्याला विचारा, त्याला येत नसेल तर बनवणाऱ्याला लिहा.

प्रश्न : चार्जर कायम लावून ठेवला तर चालतो का?

भरल्यावर आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास उतरून थांबणारा असेल तर महिनोन् महिने चालतो. जुना, सतत करंट ढकलणारा असेल तर नाही, तो पाणी उडवतो. आपला कुठला ते डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

प्रश्न : बॅटरी डिकीत आहे. चार तास चार्जिंगला लावली, आता गरम लागतेय, कडा फुगल्यात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतोय. भरली नसेल म्हणून आणखी दोन तास ठेवू का?

नाही. हे वाचत असाल तर आधी जाऊन चार्जरचं बटण भिंतीवरच बंद करा, बॅटरीवरचे चिमटे आत्ता काढू नका. डिकी आणि गॅरेजचं दार उघडा, दिवा लावू नका, विझवूही नका, बाहेर या. वास गेल्यावर आणि बॅटरी पूर्ण थंड झाल्यावरच चिमटे काढा. ती बॅटरी परत चार्ज करायची नाही. बॅटरीवाल्यालाच येऊन उचलायला सांगा, आणि चार्जरही त्याला दाखवा. नवी बसवताना डिकीतल्या बॅटरीची वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे का ते त्याच्यासमोर बघून घ्या. ती बहुतेकदा मागच्या बदलाच्या वेळी कुणीतरी तशीच लोंबकळत सोडलेली असते.